तोरणाच्या अलीकडे दहा पावलं

मी अकरा महिने पाटील होते. मिशीसकट.

खऱ्या जगात मी कळमनुरीच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. वय पन्नाशीला टेकलंय, दोन्ही गुडघे कुरकुर करतात आणि जिना चढताना तोंडातून आपोआप "आई गं" निघतं. पण मोबाइलमधल्या त्या गावात माझी उंची सहा फूट होती. डोक्यावर पांढरा फेटा, अंगावर धोतर-सदरा, आणि मिशी अशी की तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल खाली पडला नसता. वेशीपासून नदीपर्यंत पळत गेलं तरी धाप लागायची नाही. एका बैलापायी हे सगळं उघडं पडलं नसतं, तर आजही मी तिथं पारावर बसून मिशीला पीळ देत असते.

आता कुणी विचारील, बाई, तुम्हाला पुरुष व्हायची हौस होती का? हौस कसली डोंबलाची! झालं असं की, आमच्या भागातल्या आणि इथून पुण्या-मुंबईला गेलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं ऑनलाइन दुनियेत एक गाव वसवलं. नाव "आपलं गाव". आपण फोनवरून आत जायचं, स्वतःला एक शरीर निवडायचं, मग हिंडायचं, बोलायचं, शेत करायचं, जनावरं पाळायची. एका रविवारी दुपारी मी सहज आत गेले.

बायकांची शरीरं बघितली आणि कपाळावर हात मारला. कंबर माझ्या मनगटाएवढी, टाचा वीतभर उंच. एक बाई तर तसल्या टाचा घालून नदीवर धुणं धूत होती. अंगभर कपडा म्हणाल तर साडीला खेळातली नाणी मोजावी लागत होती. कातडीचा रंग निवडायला गेले, तर दुधापासून गव्हापर्यंत सगळे रंग आधी. माझा रंग शोधत शोधत पार टोकाला गेले, तिथं त्याचं नाव लिहिलं होतं "संध्याकाळ". संध्याकाळ म्हणे! मी तर हा रंग सकाळपासून बघते. शेवटी पुरुषांच्या बाजूला गेले, तिथं धोतर, फेटा, मिशी सगळं फुकट होतं आणि अंग नीट झाकलेलं होतं. घेतलं झालं.

अशा मिशीतून बायकी आवाज कसा काढणार? म्हणून मी माइक कधी उघडला नाही. एका बोटानं टाइप करायची. एका बोटानं लिहिणारं माणूस किती लिहिणार? "बघू." "बराबर." "बसून बोला." एवढंच. पण त्याचा परिणाम काय झाला माहीत आहे? लोकांनी ठरवून टाकलं की हा माणूस वजनदार आहे. "पाटील लई बोलत न्हाईत, पण बोलले की तोलून बोलतात." महिन्याभरात भांडणं माझ्याकडे यायला लागली. कुणाची म्हैस कुणाच्या तुरीत शिरली, ना म्हैस खरी ना तूर खरी, पण भांडण शंभर टक्के खरं. मी लिहायची "बघू", आणि दोघं गुपचूप घरी जायचे. वॉर्डात मी रोज घसा फोडून सांगते, पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबा, तर कुत्रं हलत नाही. इथं एक "बघू" पुरायचं. मेला तो फेटा!

गाव मात्र बघण्यासारखं होतं. मी आयुष्यभर माणसांची शरीरंच बघत आले, मला तर घेरीच आली. अख्ख्या गावात एक टक्कल नाही, एक ढेरी नाही, कुणाला शुगर नाही, कुणी खोकत नाही. औंढ्याकडचे एक रिटायर तलाठी सोळा वर्षांची पोरगी होऊन आले होते. गुलाबी केस, पाठीला पंख, गुडघ्याच्या वर फ्रॉक. आणि माइकवरून घोगऱ्या आवाजात विचारायचे, "राम राम पाटील, औंदा सोयाबीन काय म्हनतंय?" कुणाला काही वाटायचं नाही. दुसरा एक जण वाघ झाला होता. दोन पायांवर चालणारा, पट्ट्यापट्ट्यांचा, शेपटीसकट वाघ. तू मुळात वाघ आहेस का रे बाबा, असं त्याला कुणीही कधी विचारलं नाही.

पण पाटील कुठल्या आडनावाचा आहे, हे मात्र वाघानं पहिल्या पाच मिनिटांत विचारलं.

"पाटील, आडनाव काय म्हनलात?" शेपूट हलवून राहिलाय आणि आडनाव विचारून राहिलाय! मिशीला पीळ द्यायचं एक बटण होतं, ते दाबलं. "बरं, पाहुणे कुठले तुमचे?" मी लिहिलं, "पुसेगावकडचे." ते खरंच होतं, माझं गाव तिकडचंच. बाकीचं त्यांनीच भरून घेतलं. दोन महिन्यांत वाघानं शोधून काढलं की मी त्याच्या मामीच्या माहेरचा लागतो. पंखवाल्या तलाठ्यांनी तर माझ्या नसलेल्या पोरीसाठी नांदेडचं स्थळ आणलं. पोरगा इंजिनिअर, शेती बागायती. मी लिहिलं, "बघू."

लाज वाटते सांगायला, पण मला मजा येत होती. वॉर्डात दंड उघडा करून बसलेली म्हातारीसुद्धा विचारते, "सिस्टर, आडनाव काय तुमचं?" मी सांगते. मग पुष्कळ जणी काहीच म्हणत नाहीत. एखादी मात्र माझ्या हातचा पाण्याचा ग्लास घेताना जरा विचार करते. सुई गुमान टोचून घेते. अकरा महिने मला कुणी अशा नजरेनं बघितलं नाही, आणि मला ते आवडलं. आवडलं ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

एकच गोष्ट डोळ्यांत सलायची. त्या गावात वेस होती, मारुती होता, पार होता, शाळा होती. पण आमच्या गावात ज्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती आहे, त्या अंगाला तिथं तळं होतं. तळ्यात बदकं. मी एकदा लिहिलं, "इकडं वस्ती नाही का?" गाव बांधणारा म्हणाला, "पाटील, तिकडं डिझाइनला जागा उरली न्हाई. पन बदकं कशी मस्त दिसून राहिली ना?" अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात मी एवढी बदकं जन्मात बघितली नव्हती.

आता बैलाकडे येते. त्यासाठी आधी माझी माय सांगायला पाहिजे.

माय माझ्याजवळच असते. पंच्याहत्तरी उलटली आहे, दात गेले, आवाज मात्र खणखणीत. माझा बाप आमच्या गावात एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होता. वर्षाच्या बोलीनं राबायचा आणि बैलं सांभाळायचा. त्या घरचा बैल पोळ्याला मानाचा. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असायचं, आणि त्याखालून पहिला तोच बैल जायचा, मग बाकी गावाची जनावरं. बाप पहाटे त्याला धुवायचा, शिंगं रंगवायचा, झूल चढवायचा आणि कासरा धरून वेशीपर्यंत आणायचा. तोरण दहा पावलांवर आलं की मालकाचा लेक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून पुढं यायचा आणि बापाच्या हातातून कासरा घ्यायचा. पुढं तो आणि बैल. बाप तिथंच भिंतीला लागून उभा. मी सात-आठ वर्षांची असेन. रिकामे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळायचं नाही, एवढं मला स्वच्छ आठवतं.

बाप जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण दर वर्षी पोळ्याच्या दिवसांत भाकरी थापताना माय एकदा तरी म्हणतेच, "बैल आपल्या हातचा, अन् कासरा दुसऱ्याच्या हातात." मी म्हणायची, माय, तो सण त्यांचा, सोड ना. ती म्हणायची, "सण असू दे कोणाचा बी. बैल कोणी वाढवला?"

तर त्या मोबाइलच्या गावात मी एक गोऱ्हा घेतला. मायला दाखवला तर ती खवळलीच. "हे काय जनावर हाय? याला वशिंडच न्हाई! बैल हाय का डुक्कर?" मी गाव बांधणाऱ्याला लिहिलं, "वशिंड पाहिजे." पाटलाचा शब्द! आठ दिवसांत अख्ख्या गावच्या बैलांना वशिंडं फुटली. त्या दिवसापासून गोऱ्हा मायच्या ताब्यात गेला. तीन टाइम चारा, दोन टाइम पाणी, आणि काचेवरून पाठीवर हात. त्याला ती लेकरू म्हणायची. मी ड्यूटीवर फोन घेऊन गेले की संध्याकाळी ऐकून घ्यावं लागायचं, "लेकरू उपाशी हाय, अन् तू लोकाला इंजेक्शनं देत बसलीस व्हय?"

पोळा जवळ आला. गाव बांधणाऱ्यानं जाहीर केलं की यंदा आपल्या गावात ऑनलाइन पोळा होणार, आणि सगळ्यांच्या मतानं मानाचा बैल पाटलांचा. वाघानं टाळ्या वाजवल्या. मी मायला सांगितलं.

"तोरणाखालून?"

"व्हय."

"सगळ्यात आधी?"

"व्हय, माय."

"अन् कासरा?"

"माझ्याच हातात."

"मधी कोणी घेणार न्हाई?"

"कोण घेईल? मोबाइल माझा हाय."

मग मात्र ती हसली. शेजारणीला जाऊन सांगून आली, पोळ्याला चार वाजता ये, आमचं लेकरू येसीतून जाणार हाय.

पोळ्याच्या दिवशी मी सुट्टी टाकली. माझं काय, एक खेळ होता. पण मायनं ठेवणीतलं लुगडं काढून नेसलं. साडेतीनला तिनं विचारलं, "खांदेमळणी केली का त्याची?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा लोणी आणि हळदीनं मळतात. वर्षभर जू ओढून तो हुळहुळा झालेला असतो. आदल्या दिवशी फोन माझ्याबरोबर दवाखान्यात होता आणि गावात तसलं बटणही नव्हतं. मी म्हटलं, "माय, त्यानं जू ओढलंय कुठं?" ती म्हणाली, "मानाचा बैल कोरड्या खांद्यानं नेत न्हाईत." मी म्हटलं बरं, आणि गॅसवरचं वरण बघायला आत गेले.

परत येऊन बघते तर काय! फोन मांडीवर, शेजारी वाटीत लोणी-हळद, आणि माय अंगठ्यानं काचेवर बैलाचा खांदा मळून राहिलीय. "दुखलं का रे लेकरा? आता बरं वाटंल." काच पिवळीधम्मक. "अगं माय, काय केलंस हे!" मी ओरडले, ओढणीनं पुसली, परत पुसली. पण लोण्याचं काही खरं नसतं. बोट एका जागी ठेवलं की सरकून भलतीकडेच दाबलं जायचं. तसं कधीतरी माइकचं बटण दाबलं गेलं, आणि मला पत्ता नाही.

चारला मिरवणूक निघाली. पुढं माझा पाटील, हातात कासरा, मागं वाघ त्याचा बैल घेऊन. पंखवाल्या तलाठ्यांना बैल मिळाला नव्हता, त्यांनी म्हैस आणली होती. हलगी कडाडत होती. वाजवणारे कुठं दिसत नव्हते, नुसताच आवाज ठेवला होता. तोरण जवळ येऊन राहिलं होतं. माय फोनवर इतकी वाकली की तिचा श्वास काचेला लागत होता.

तेवढ्यात दारातून शेजारीण म्हणाली, "जय भीम, आजी."

"जय भीम, ये माय, बस!" माय आपल्या खणखणीत आवाजात म्हणाली. "येळेवर आलीस. आमचं लेकरू चाललंय बघ."

हलगी बंद झाली. मी बघितलं, पाटलाच्या फेट्यावर माइकचा हिरवा दिवा लागलेला होता.

सगळं गाव जागच्या जागी थांबलं. त्या शरीरांना तोंडं पाडता येत नव्हती. त्यांना फक्त उभं राहायचं, श्वास घ्यायचा आणि हसायचं शिकवलेलं. त्यामुळे तीस-चाळीस जण माझ्याकडे बघून हसत उभे होते.

"पाटील," वाघ म्हणाला, "हा आवाज कुठून येऊन राहिला?"

आता खरं सांगते. मी टाइप केलं, "टीव्हीचा आवाज." एका बोटानं लिहिणारी मी, पण त्या दिवशी बोट किती भराभर चाललं! पाठवायचं तेवढं बाकी होतं. माय शेजारीच. प्रौढांच्या वर्गात उतारवयात अक्षरं शिकली, अजून मोठ्यानं वाचते. "टी... व्ही... चा..." तिनं वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यातला आमचा टीव्ही बंद होता, त्याच्यावर कापड घातलेलं होतं.

माझ्या युनिफॉर्मवर आडनावासकट नावाची पट्टी आहे, नोकरीत एक दिवस ती काढली नाही. आणि एका फुकटच्या मिशीपायी मी माझ्या मायला टीव्ही करायला निघाले होते. थू माझ्या जिंदगानीवर! मी लिहिलेलं पुसलं आणि माइकवर बोलले, "आवाज माझ्या घरातला हाय. ती माझी माय. मी कळमनुरीला सिस्टर हाय. सगळ्यांना जय भीम."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या मिशीतून माझा आवाज आला.

आणि लोकांचे संस्कार बघा. जे सगळ्यांनी ऐकलं त्याच्याबद्दल एक माणूस एक शब्द बोलला नाही. गाव बांधणारा म्हणाला, "अरे बापरे, म्हंजे तुमी बाईमानूस हाव व्हय?" सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. वाघ म्हणाला, "बाईच्या हातात मानाचा कासरा कसा चालंल? परंपरा असती काई." गुलाबी केसांची पोरगी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "व्हय ना, बाई म्हनल्यावर तकलीफच हाय."

"तलाठीसाहेब," मी म्हटलं, "तुमी पंख लावून, फ्रॉक घालून उभे हाव. ते चालतं?"

"ते येगळं."

"अन् वाघ चालतो?"

"सिस्टर, तुमी गैरसमज करून घेऊन राहिल्या," गाव बांधणारा मऊ आवाजात म्हणाला. "आपल्या गावात तसलं काई न्हाई."

"तसलं म्हंजे कसलं?"

सगळे हसत उभे.

मग तो म्हणाला, "कार्यक्रम खोळंबून राहिला. आजच्यापुरता कासरा वाघाकडं द्या. बैल तुमचाच हाय. फुडच्या सालचं फुडच्या साली बघू." माझाच शब्द मला परत आला. लगेच काचेवर एक चौकोन उघडला. "कासरा सोपवायचा? होय. नाही."

मी बैलाकडे बघितलं. तोरण दहा पावलांवर होतं. असेल नऊ, असेल अकरा, मला ते दहाच दिसलं.

"काय म्हनून राहिले?" मायनं विचारलं.

"कासरा मागून राहिले."

मायनं पदराचं टोक घेतलं आणि अंगठ्याचं लोणी पुसलं. नीट, नखाच्या कडेपर्यंत पुसलं. मग फोन माझ्या हातातून घेतला. "हो... य," तिनं वाचलं. बोट पुढं सरकवलं. "ना... ही." आणि दाबलं. मग पुढं जायचा बाण दाबून धरला, तो बैल तोरणाखालून पार होईपर्यंत सोडला नाही. वरून चार पानं गळली, तेवढी सोय त्यात केलेली होती.

मागून कुणी आलं नाही. बैल एकटाच मारुतीपुढं जाऊन उभा राहिला. आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लावतात, तिथं पोचल्यावर ते आपोआप लागायची सोय होती, तसं लागलं. मंगलाष्टकं वाजली, त्याच्यावर अक्षता पडल्या. शेजारीण म्हणाली, "आजी, मागं कोणी काहून येईना?"

मी म्हटलं, "नेट गेलं असंल त्यांचं."

"सगळ्यांचं एकदाच?" माय म्हणाली. "हे नेट मला ठावं हाय. तुझ्या बापाच्या येळंला बी असंच जात व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात नवा नियम आला. पारदर्शकतेसाठी प्रत्येकानं डोक्यावर पूर्ण नाव लावायचं, मगच प्रवेश. मी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि या वेळी बाईचं शरीर घेतलं, टोकाच्या रंगाचं. उत्तर आलं, "आपली विनंती विचाराधीन आहे." अजून विचार चालूच आहे. वेशीबाहेरून फक्त तळं दिसतं.

पण बैल आत राहिला, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. चाऱ्याच्या वेळेला माय अजून फोन मागते. परवा मी चिडून म्हटलं, "माय, उपाशी राहत न्हाई तो. खोटा बैल हाय."

"खोटा कसा?" ती माझ्यावरच उसळली. "मी खांदा मळलाय त्याचा."

मग जरा वेळानं तिनं विचारलं, "कासरा तर आपन कोणाला दिला न्हाई ना?"

"न्हाई, माय."

"मंग बास," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली. या खेपेला मात्र बैलाचं आणि कासऱ्याचं ते नेहमीचं वाक्य म्हणाली नाही.